पालथं फूल

"कुठलं पिवळं, दादा?"

एकदा एका तरुणाने मरणाच्या उंबऱ्यावर असलेल्या आपल्या थोरल्या भावाला एवढंच विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर त्याला कधी कुणी दिलं नाही.

थोरला भाऊ मधपाळ होता. घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावात, घरामागच्या उंबराखाली त्याच्या चार पेट्या मांडलेल्या असत आणि त्यांत सातेरी जातीच्या मधमाश्या नांदत. त्या मुलखात पाऊस एकदा बसला की महिनोन्महिने उठत नाही. माश्या पेटीच्या दारातून डोकावतात, ओल्या हवेचा वास घेतात आणि माघारी फिरतात. त्या दिवसांत थोरला त्यांना साखरेचं पाणी पाजून जगवायचा आणि ढग पांगायची वाट बघायचा. ढग पांगले की दरसाल रात्रीच एकटा पेट्या घेऊन जायचा, कुठे ते कुणाला न सांगता. त्या वर्षी ढग पांगायच्या आधीच त्याला ताप भरला, आणि तो काही उतरला नाही. शेवटच्या सकाळी त्याने धाकट्याचा हात धरला आणि म्हणाला, "येसू, पाऊस उघडला की पेट्या पिवळ्यावर ने. उशीर करू नगंस."

येसूने विचारलं, "कुठलं पिवळं, दादा?"

थोरल्याचे ओठ हलले. काहीतरी सांगायचं आहे असं हलले, आणि तसेच राहिले.

येसू शाळेची चौथी पुरी न करताच घरी बसलेला. डोक्यात आलं की त्याचे पाय निघालेच म्हणून समजायचं. आजवर त्याच्या प्रत्येक चुकीमागे उभा राहणारा एक माणूस होता. तो माणूस गेल्यावर येसू रडला नाही. दहावं झालं, तेरावं झालं, आणि तो नुसता त्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला, गाळ साचलेल्या विहिरीभोवती तहानेलं जनावर फिरावं तसा. रात्रंदिवस त्याला थोरल्याचे ते हलते ओठ दिसत. तो त्यांवर शब्द बसवून बघे. एकही बसत नसे.

मग एका सकाळी पाऊस उघडला.

धुकं वर सरकलं आणि येसू अंगणात येऊन उभा राहिला तो उभाच राहिला. समोरचा सगळा डोंगर हळदीला बसला होता. उतार पिवळा, बांध पिवळे, ओढ्याचा काठ पिवळा. कातळाच्या भेगेतूनही कुणीतरी पिवळं डोकं वर काढून बघत होतं. वाऱ्याची झुळूक आली की तो सगळा पिवळेपणा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा, झोपेतल्या माणसासारखा.

"आता ह्यातलं कुठलं?" येसू स्वतःशीच म्हणाला.

देवळात पुजाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "शेवंती असंल बाबा. देवाला तीच चालती."

शेजारची म्हातारी म्हणाली, "माझ्या परसात झेंडू हाय. ने की पेट्या तिकडं. फकस्त मला चावायचं न्हाई म्हणून सांग त्यांस्नी."

वहिनी चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. "माझ्यापाशी फुलांचं कधी बोललेच न्हाईत ते, भावजी. त्यांचं सारं बोलणं माश्यांशी."

येसूला धीर कुठला धरवतोय! गावाबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला बंगलेवाल्यांनी शोभेसाठी पिवळी फुलं लावली होती. छातीइतकी उंच, दाट, डोळ्यांत भरणारी. संध्याकाळी माश्या आत आल्यावर त्याने एका पेटीचं दार गवताच्या बोळ्याने बंद केलं, पेटी डोक्यावर घेतली आणि त्या फुलांत नेऊन ठेवली. आठवड्याभरात बंगल्यातले पाहुणे परतले, आणि माळ्याने ती सगळी फुलं विळ्याने सपाट करून टाकली. येसू बघायला गेला तेव्हा पेटी हलकी लागली. त्याने झाकण उचललं. मेणाची पोळी तशीच होती, रिकामी. माश्या राणीला घेऊन घर सोडून गेल्या होत्या. कुठे, ते आभाळालाच माहीत.

रिकामी पेटी घेऊन तो घरी आला, तेव्हा वहिनी पहिल्यांदा मोठ्याने रडली. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"त्यांनी तळहातावर सांभाळल्या, अन् तुमी एका आठवड्यात एक घालवली," ती म्हणाली. "आता तीन राहिल्यात. त्याबी अशाच उपाशी उडून जायाच्या. त्यापरीस त्या मधाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. बाजाराच्या दिवशी तो टेम्पो घिऊन येतोय. मी सांगावा धाडते. अन् मग मीबी जाते माझ्या भावाकडं."

"वहिनी, मी शोधतो की."

"काय शोधताय? सारा डोंगर पिवळा हाय."

बाजाराचा दिवस चार दिवसांवर होता. पेट्या गेल्या तर दादाचं या जगात काही उरत नव्हतं. आणि वहिनी गेली तर घरही उरत नव्हतं.

गावाच्या वर, जिथे पायवाट संपते, तिथे सडा सुरू होतो. सडा म्हणजे काळ्या कातळाचं लांबच लांब सपाट पठार. पावसानंतर त्यावर बोटभर माती आणि गुडघाभर गवत. सड्याच्या तोंडाशी भैरोबाच्या देवळाच्या पडवीत एक वृद्ध राहत असे. सगळे त्याला बुवा म्हणत. झाडपाला ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि दूरदूरचे वैद्य त्याच्याकडे शिकायला येत. येसू पोचला तेव्हा धुकं इतकं दाट होतं की आधी बुवांचा खोकला दिसला, म्हणजे ऐकू आला, आणि मग बुवा.

येसूने सगळं सांगून टाकलं. एका दमात, उलटसुलट, मधलं आधी आणि आधीचं शेवटी.

"मला तेवढं फूल वळखून द्या बुवा. दुसरं काय बी नको."

"आण," बुवा म्हणाले. "जे पिवळं दिसेल ते आण."

येसू धावत गेला. पहिल्यांदा त्याने रस्त्याकडेचं ते शोभेचं फूल आणलं. माळ्याच्या विळ्यातून एखादं वाचलं होतं. बुवांनी ते तळहातावर घेतलं आणि पालथं केलं. त्याच्या पिवळ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. देठावरून अंगठा फिरवला, खालची हिरवी वाटी निरखली आणि विचारलं, "हे कोण?"

"पिवळं फूल," येसू म्हणाला.

बुवांनी ते तसंच पालथं, देवळाच्या पायरीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी येसूने खालच्या शेतातून कारळ्याचं फूल आणलं. ते टपोरं होतं, सूर्यफुलाच्या धाकट्या बहिणीसारखं. बुवांनी पुन्हा पालथं केलं, पुन्हा अंगठा फिरवला, पुन्हा विचारलं, "हे कोण?"

"पिवळं फूलच की, बुवा."

तेही पायरीवर पालथं पडलं. मग ओढ्याकाठच्या कवळ्याच्या रानभाजीचं फूल आलं. त्याचंही तेच झालं. बाजार उद्यावर आला होता, आणि पायरीवर फुलांची रांग लागली होती, सगळी खाली तोंड घालून, रुसलेल्या पोरांसारखी.

येसूचा संयम सुटला. "बुवा, एकदा तोंड तरी बघा त्याचं! माश्या काय बुडाकडनं येत्यात व्हय?"

बुवा इतके हसले की त्यांना पुन्हा खोकला आला.

"नाही येत रे. तोंड माशीसाठीच आहे. लांबून दिसावं, तिनं यावं, म्हणून ते रंगवलेलं असतं. आणि ज्याला त्याला पिवळाच रंग आवडतो, त्याला फूल काय करणार? तू तोंड बघतोस म्हणून तुला सगळी सारखी दिसतात. बस इथं. आता तू बघ."

येसू पायरीवर बसला. मनाविरुद्धच बसला. पण पालथ्या फुलांकडे बघता बघता त्याच्या ध्यानात येऊ लागलं. रस्त्याकडेच्या फुलाखाली हिरव्या पानांची दुहेरी रांग होती, बाहेरची बारीक आणि आतली वेगळी. कारळ्याला मात्र पाच रुंद पानं खालून पसरली होती, पंजावर उचलून धरावं तशी. आणि कवळ्याखाली ती वाटीच नव्हती. ते या घरातलं नव्हतंच. ते शेंगेच्या कुळातलं, नुसताच पिवळा सदरा घालून लग्नात शिरलेलं.

"ही तिघं एकमेकांची कुणी न्हाईत," येसू हळूच म्हणाला. "म्हंजे पहिली दोन लांबनं भावकीतली. पण घरं निराळी."

"बघ, बोललास. आता मला सांग, तुझा भाऊ कसा होता?"

येसू ते हलते ओठ सांगू लागला. तो ताप, ते शेवटचं वाक्य, डोळ्यांतला तो पाण्यासारखा उजेड. बुवांनी हात वर केला.

"हे त्याचं तोंड झालं. पालथा कर."

"काय?"

बुवांचा आवाज आता मंद झाला, धुक्याला जाग येऊ नये इतका. ते म्हणाले, "बाळ, तुझा भाऊ कुठल्या फुलावर जात होता ते मला ठाऊक नाही. मी फुलं ओळखतो. भावाला ओळखायचं काम तुझं. आणि तू त्याच्या शेवटच्या शब्दाला धरून बसलास. माणूस गेला की आपण सगळेच त्याचं तोंड धरून बसतो. शेवटचा चेहरा, शेवटचं बोलणं, आणि जे बोलायचं राहिलं ते. पण फूल तोंडावर उभं नसतं. ज्यावर ते उभं असतं ते खाली असतं, हिरवं, साधं. त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुझ्या भावानं त्या प्रश्नाचं उत्तर ओठांनी दिलं नसेल. पण तो वर्षानुवर्षं तिथं जाऊन आला आहे. जाऊन आलेल्या माणसाच्या अंगावर वाट राहते. तुला ती दिसली असणार. तू फक्त वर बघत होतास."

येसूने डोळे मिटले. आधी पुन्हा ते ओठच आले. त्याने ते बाजूला सारले. त्याला ते फार जड गेलं, आणि एकदा सारून भागलं नाही. मग हळूहळू, झोपेच्या कडेला दिसावं तसं, त्याला अंगण दिसलं. पाऊस उघडल्यानंतरची कुठलीतरी सकाळ. दादा घरात शिरतोय. येसूने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. तो खाली बघत राहिला.

दादाची विजार गुडघ्यापर्यंत पिवळी होती. गुडघ्याच्या वर एक डागही नाही. आणि पाय! पायांना काळी बारीक खडी चिकटलेली. शेताचा चिखल नव्हता तो. दादा ओट्यावर बसून पाय धूत होता आणि वहिनी आतून ओरडत होती, "ही हळद कुठनं आणता हो दरसालची? धुऊन धुऊन माझी बोटं गेली!" आणि दादा नुसता हसत होता.

येसूने डोळे उघडले. ते वाहत होते, आणि हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

"बुवा, कारळा कंबरंला लागतो," तो म्हणाला. "रस्त्याकडंचं छातीला. दादाचं फूल गुडघ्याला लागतं. अन् ते शेतात न्हाई. कातळावर हाय. सड्यावर!"

तो उठला आणि निघाला. या वेळी मात्र धावला नाही. धुक्यात पाऊल टाकायचं, थांबायचं, खाली बघायचं, असा तो सड्यावर चालत राहिला. किती चालला ते त्याला सांगता आलं नसतं. गवत संपलं, कातळ आला. कातळ संपला, पुन्हा गवत. मग वारा सुटला, धुक्याचा एक पदर वर उचलला गेला, आणि येसूला कळलं की आपण कधीचे फुलांतच उभे आहोत. चहूकडे गुडघाभर उंचीची पिवळी फुलं, सड्याच्या टोकापर्यंत, आणि टोकाच्या पलीकडे जिथे दरी असते तिथे नुसता पांढरा उजेड. सगळीकडून एकच बारीक गुणगुण येत होती. रानातल्या माश्या आधीच कामाला लागल्या होत्या.

त्याने एक फूल खुडलं. तोंड न बघता पालथं केलं. खाली हिरवी वाटी होती. बारीक, सारख्या उंचीच्या हिरव्या पात्या एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून उभ्या. दुसरी रांग नाही, पसरलेला पंजा नाही. येसूने त्या वाटीवरून अंगठा फिरवला आणि ते फूल ओंजळीत धरून माघारी वळला.

परतून त्याने फूल बुवांच्या हाती दिलं. बुवांनी ते पालथं केलं नाही. सरळ धरलं, उजेडात नेलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघून हसले.

"हे कोण?"

"हे दादाचं," येसू म्हणाला. मग जरा विचार करून, "एका रांगेतल्या वाटीचं. गुडघ्याएवढं. कातळावरचं. कुणी पेरलेलं न्हाई, आपलं आपण आलेलं."

"आता नाव सांगतो. आधी सांगितलं असतं तर तू नाव घेऊन धावला असतास आणि जे पहिलं पिवळं भेटेल त्याला ते डकवलं असतंस. ही सोनकी. आणि हे बघ." बुवांनी नखाने फुलाचा मधला भाग उकलला. "ज्याला तू एक फूल म्हणतोस ती अख्खी वस्ती आहे. कडेची प्रत्येक पाकळी एक फूल, मधला प्रत्येक ठिपका एक फूल. बाहेरच्या फेरातली आधी उमलतात, मग आतली. एका दिवसात संपत नाही हे ताट. तुझा भाऊ माश्यांना उगाच इथं आणत नव्हता."

येसूने बुवांचे पाय धरले.

तो घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. वहिनी उंबराखाली तिन्ही पेट्या पुसून उद्यासाठी एका ओळीत मांडत होती. पाऊल वाजलं तशी तिने वळून बघितलं. मग तिची नजर खाली गेली आणि तिथेच अडकली. येसूची विजार गुडघ्यापर्यंत पिवळी झाली होती.



"धुऊन टाकू नगा, वहिनी," येसू म्हणाला.

"धुतंय कोण!" तिने पदराने डोळे पुसले. मग तिने गवताचा बोळा केला, अंधार पडायची वाट बघितली, शेवटची माशी आत जाऊ दिली आणि पहिल्या पेटीचं दार स्वतःच्या हाताने बंद केलं. "चला. दोन तुमी कावडीनं घ्या, एक मी डोक्यावर घेते. त्यांनी एकदाबी संगं नेलं न्हाई मला. आता तरी बघू द्या कुठं जात व्हते ते."

दुसऱ्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन आला, तेव्हा उंबराखालची जागा रिकामी होती. वहिनी दारात उभी होती.

"पेट्या कुठायत, बाई?"

"कामावर गेल्यात," ती म्हणाली. "तुमाला मध पायजे असंल तर उन्हाळ्यात या. पेट्या इकायच्या न्हाईत."

त्याच वेळी वर सड्यावर येसू पेट्यांपाशी बसला होता. त्याने पेट्यांची दारं उगवतीकडे केली होती आणि बोळे काढले होते. आधी एक माशी बाहेर आली. तिने दारापुढे उडत एक गिरकी घेतली, घर नीट बघून ठेवलं आणि पिवळ्यात नाहीशी झाली. मग दुसरी गेली. मग किती गेल्या ते मोजायच्या भानगडीत तो पडला नाही. धुकं वितळलं, कोवळं ऊन पडलं, आणि परत येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांना मोहरीएवढे पिवळे गोळे चिकटलेले दिसू लागले. त्या जड होऊन दारात उतरत, क्षणभर दम खात आणि आत जात. आत अंडी असतील, पिलं असतील. आता त्यांना खायला मिळणार होतं.

येसूच्या ओठांवर तो प्रश्न आला नाही. किती दिवसांनी पहिल्यांदाच आला नाही.

मग त्याने पाहिलं की पेटीच्या एका पायावरून काळ्या मुंग्यांची बारीक रांग वर चढायला लागली आहे. तो खाली वाकला. त्याने त्या मुंग्या हलक्या हाताने झटकल्या, कातळाच्या खळग्यातलं पावसाचं पाणी ओंजळीने आणलं, आणि मुंग्यांना वर जाता येऊ नये म्हणून गुडघे टेकून एकेका पेटीच्या एकेका पायाखाली ठेवलेल्या मातीच्या पसरट परळांत ते काठोकाठ भरलं.